शोकाचा एकांत आणि छायाचित्रकाराची दृष्टी

प्रास्ताविक

मनुष्याचा शोक दोन रूपांनी प्रकट होतो. पहिले रूप आक्रोशाचे. त्यात माणूस एकटा नसतो. आप्त, शेजारी, भावकी त्याच्याभोवती जमलेली असते आणि त्याचे रडणे काही अंशी त्या सर्वांना उद्देशून असते. दुसरे रूप मौनाचे. लोक पांगल्यानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात, एस.टी. स्थानकाच्या बाकावर, नदीच्या घाटावर किंवा पडक्या घराच्या जोत्यावर माणूस एकटाच बसलेला दिसतो. डोळे कोरडे असतात, हातात एखादी पिशवी किंवा औषधाची चिठ्ठी तशीच राहिलेली असते. अवतीभवती रहदारी चालू असते. त्याचे मन मात्र तिच्यात नसते. शोकाच्या या दुसऱ्या रूपाला प्रस्तुत लेखात ‘शोकाचा एकांत’ असे म्हटले आहे.

हा एकांत सार्वजनिक जागेत घडतो म्हणून तो कोणाच्याही दृष्टीस पडतो. आणि आज ज्याच्या दृष्टीस पडतो त्याच्या हाती बहुधा कॅमेरा असतो. तेव्हा प्रश्न उपस्थित होतात ते असे : अशा क्षणाचे छायाचित्र घ्यावे काय? घ्यावयाचे तर कोणी, कोणत्या अंतरावरून आणि कोणत्या हेतूने? घेतल्यानंतर त्याचे काय करावे? लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांनी गेल्या तीन दशकांत जे भोगले आहे, त्याच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

सार्वजनिक जागा आणि संमती

जो माणूस रस्त्यावर आहे त्याचे छायाचित्र घेण्यास हरकत नाही, असा एक समज रूढ आहे. कायद्याच्या दृष्टीने तो बव्हंशी खराही आहे. तथापि या समजामागे एक गृहीत दडलेले आहे. रस्त्यावर यावे की न यावे हे प्रत्येकाला ठरवता येते आणि दुःख झाकून ठेवण्यासाठी प्रत्येकाच्या घरी एक खोली असते, असे ते गृहीत होय. वस्तुस्थिती तशी नाही. ज्याच्याजवळ मोटार आहे तो काचा वर करून रडू शकतो. ज्याचा रुग्ण खासगी रुग्णालयातील स्वतंत्र खोलीत आहे, त्याच्या शोकाला दार आहे आणि दाराला कडी आहे. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून राहणाऱ्या नातेवाइकाचे जेवणे, झोपणे आणि रडणे एकाच उघड्या जागी होते. अर्थात गरिबाच्या बाबतीत ‘सार्वजनिक जागा’ हीच पुष्कळदा त्याची खासगी जागा असते. तेथे तो आपल्या मर्जीने बसलेला नसतो, आणि तेथे बसणे म्हणजे छायाचित्राला संमती देणे असा अर्थ काढता येत नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सार्वजनिक जागेत माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला तो याच हक्कासाठी झाला. पाणवठा, रस्ता, शाळा, धर्मशाळा या जागी इतरांच्या बरोबरीने वावरण्याचा तो आग्रह होता. ज्या हक्कासाठी इतका झगडा झाला, त्याचे रूपांतर ‘तुम्ही उघड्यावर आहात, म्हणून तुमच्याकडे कोणीही टक लावून पाहावे’ अशा परवान्यात होता कामा नये. सार्वजनिक जागेवरील समान हक्कात तेथे प्रतिष्ठेने दुःख करण्याचा हक्कही अंतर्भूत आहे.

किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गावे उशिरा निजली होती. औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात हानी सर्वाधिक झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी तेथील घरांची रचना होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. पुढे ५२ गावांचे नव्या जागी संपूर्ण पुनर्वसन करण्यात आले.

या घटनेची असंख्य छायाचित्रे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात ढिगारे, सामुदायिक चिता, आक्रोश करणारे समूह आहेत. आपत्तीचा आकार केवढा आहे हे त्यांतून कळते. मदतीचा ओघ सुरू होण्यास त्यांचा उपयोग झाला. दुसऱ्या वर्गात एखादी वृद्धा दगडांच्या राशीसमोर उकिडवी बसलेली असते, एखादा पुरुष उंबरठा तेवढा शिल्लक राहिलेल्या घराकडे पाहत उभा असतो. हजार माणसे मेली हे वाचून मनाला जे उमगत नाही, ते या एका पाठमोऱ्या आकृतीवरून उमगते. गेलेला प्रत्येक जीव हा कोणाचा तरी एकुलता एक संसार होता, हे दुसऱ्या वर्गातील छायाचित्रच सांगू शकते. शोकाच्या एकांताच्या छायाचित्रणाचे समर्थन करावयाचे झाले तर ते याच आधारावर करता येईल.

किल्लारीने दुसरा धडाही दिला. भूकंपानंतर मदत करणाऱ्यांबरोबर बघ्यांचीही गर्दी तेथे लोटली आणि तिचा मदतकार्याला अडथळा झाला. पाहणारा जेव्हा केवळ पाहण्यासाठी येतो, तेव्हा त्याची दृष्टी शोकग्रस्तावर ओझे होऊन पडते. कॅमेरा हाती असल्याने या ओझ्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो पाहणाऱ्याने तेथे काय काम पत्करले आहे यामुळे.

त्या काळाविषयी आणखी एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९९३ मध्ये छायाचित्रे फिल्मवर घेतली जात. रोल संपल्यावर तो गाडीने शहरात न्यावा लागे, धुवावा लागे, प्रती काढाव्या लागत आणि मग संपादकाच्या टेबलावर निवड होई. छायाचित्र घेणे आणि ते लोकांपुढे येणे यांत किमान काही तासांचे अंतर पडे. या अंतरात दोन-तीन माणसांना विचार करण्याची संधी मिळे. आज हे अंतर नाहीसे झाले आहे. शोक करणाऱ्या माणसाने मान वर करण्यापूर्वीच त्याचे चित्र शेकडो मोबाइलवर पोहोचलेले असते. पूर्वी जो संयम यंत्राच्या मंदगतीमुळे आपोआप घडत असे, तो आता छायाचित्रकाराला स्वतःच्या विवेकाने पाळावा लागणार आहे.

पटाचारा आणि आनंद

शोक करणाऱ्या माणसाकडे समाजाने कसे पाहावे, या विषयावर पाली साहित्यात दोन प्रसंग विशेष उद्बोधक आहेत.

पहिला प्रसंग पटाचारेचा. अट्ठकथांत तिची हकीकत आली आहे. पतीला सर्पदंश झाला, एक मूल पक्ष्याने उचलून नेले, दुसरे नदीच्या पुरात वाहून गेले. ती सावत्थीच्या वाटेला लागली, तेव्हा रात्रीच्या वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊ मेल्याचे व त्यांची एकच चिता जळत असल्याचे तिला कळले. घर कोसळणे आणि एकाच चितेवर कुटुंब जळणे हा तपशील किल्लारी परिसरातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दुःखाने तिचे भान हरपले, अंगावरचे वस्त्रही गळून पडले. त्या अवस्थेत ती भटकू लागली तेव्हा लोकांनी तिच्यावर माती आणि केरकचरा फेकला. जेतवनात आल्यावरही उपस्थितांनी तिला अडवू पाहिले. तथागतांनी तिला येऊ दिले आणि भान सावरण्यास सांगितले. ती भानावर येताच सभेतील एका माणसाने आपले उत्तरीय तिच्याकडे टाकले. ते पांघरून ती बसली आणि त्यानंतरच उपदेश झाला. हीच स्त्री पुढे विनयधर भिक्षुणींमध्ये अग्रणी ठरली.

या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी वस्त्र, मग शब्द. तीच स्त्री, तीच उघडी जागा, पाहणारे तेच नगरवासी. परंतु एकाने माती टाकली आणि एकाने उत्तरीय टाकले. शोकग्रस्त माणसाचे छायाचित्र या दोहोंपैकी काहीही होऊ शकते. त्याची लाज उघडी करणारे छायाचित्र मातीच्या जातीचे. त्याची प्रतिष्ठा राखून त्याचे दुःख इतरांपर्यंत नेणारे छायाचित्र उत्तरीयाच्या जातीचे.

दुसरा प्रसंग महापरिनिब्बान सुत्तातील आहे. तथागतांचे महापरिनिर्वाण जवळ आल्याचे जाणून आनंद विहारात गेला आणि दाराच्या चौकटीला टेकून एकटाच रडू लागला. भिक्षुसंघासमोर रडणे त्याने टाळले होते. तथागतांनी तो कोठे आहे याची विचारणा केली, एका भिक्षूकरवी त्याला बोलावून घेतले, त्याचे सांत्वन केले आणि नंतर संघासमोर त्याच्या सेवेची व गुणांची वाखाणणी केली. त्याच्या एकांताची दखल घेतली गेली. मात्र त्या एकांताचे प्रदर्शन मांडले गेले नाही. संघापुढे आणले गेले ते त्याचे गुण. छायाचित्रकाराला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याचा शोक आपण टिपतो, त्या माणसाला शोकापलीकडे एक आयुष्य आहे, कर्तृत्व आहे, हे आपल्या चित्रातून किंवा त्याखालील मजकुरातून दिसते काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

मराठवाड्याच्याच भूमीवर अजिंठ्याच्या शिल्पकारांनी हा विषय दगडात हाताळला आहे. सव्विसाव्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. तिच्या पायथ्याशी शोकाकुल शिष्य व उपासक कोरलेले आहेत. मस्तक हातावर टेकणे, मान खाली घालणे अशा साध्या शरीरस्थितींतून तेथे शोक व्यक्त होतो. सोळाव्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने ओळखले जाणारे चित्र आहे; अभ्यासक ते नंदाच्या पत्नीचे, सुंदरीचे मानतात. कललेली मान आणि जड झालेल्या पापण्या एवढ्यावर चित्रकाराने तिचे दुःख उभे केले. शोक दाखविण्यासाठी उघडे तोंड आणि वाहते अश्रू लागतातच असे नाही, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या कलावंतांना ठाऊक होते.

छायाचित्रणाच्या इतिहासातील तीन उदाहरणे

अमेरिकेतील छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांची छायाचित्रे कोटात लपविलेल्या कॅमेऱ्याने घेतली. गर्दीत असूनही एकट्या असलेल्या माणसांचे हे चेहरे आहेत. कोणी थकलेला, कोणी आपल्याच विचारात बुडालेला. ही छायाचित्रे त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती १९६६ मध्ये. चोरून चित्र घेण्याचा दोष त्यामुळे पूर्णपणे धुऊन निघत नाही; परंतु एवढ्या काळाने त्या चेहऱ्यांना पुरेसे दूर नेले आणि कोणाच्याही चालू दुःखाला धक्का लागण्याची शक्यता कमी झाली, हे मान्य करावे लागते.

दुसरे उदाहरण डोरोथिया लँग यांच्या १९३६ मधील ‘स्थलांतरित माता’ या छायाचित्राचे. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे उपासमारीला तोंड देणाऱ्या शेतमजुरांच्या तळावर एका तंबूत मुलांसह बसलेल्या बत्तीस वर्षांच्या स्त्रीचे ते चित्र आहे. मंदीच्या काळातील दारिद्र्याचे ते प्रतीक ठरले, जगभर छापले गेले. लँग यांनी त्या स्त्रीचे नावही विचारले नव्हते. सुमारे चार दशकांनी, १९७८ मध्ये, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव उजेडात आले, तेव्हा या प्रसिद्धीचा आपल्याला काहीच लाभ झाला नाही, असे तिने कटुतेने सांगितले. चित्राने समाजावर उपकार केले हे खरे आणि चित्रातील स्त्रीला त्याचे शल्य वाटले हेही तितकेच खरे. चित्रातील माणूस चित्र घेतल्यानंतरही जगत असतो, ही गोष्ट छायाचित्रकार फार वेळा विसरतो.

तिसरे उदाहरण आपल्या चळवळीला अधिक जवळचे आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची वर्णद्वेषातून क्रूर हत्या झाली. शिकागो येथील अंत्यविधीत त्याची शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय त्याच्या आईने, मेमी टिल यांनी घेतला. मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, अशी तिची इच्छा होती. ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने ती छायाचित्रे छापली आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून मोठी चालना मिळाली. येथे निर्णय कोणाचा होता हे पाहिले पाहिजे. तो आईचा होता. शोक तिचा, तो जगापुढे मांडण्याचा अधिकारही तिचा आणि छापणारे पत्र तिच्याच समाजाचे.

या उदाहरणाच्या प्रकाशात २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडाचा विचार करावासा वाटतो. मृतदेहांची छायाचित्रे तेव्हा मोठ्या प्रमाणावर प्रसारित झाली. अत्याचाराचे भीषण स्वरूप त्यांमुळे समाजापुढे आले, हे नाकारता येणार नाही. तथापि ती छायाचित्रे हातोहात फिरत राहिली, फलकांवर आणि पडद्यांवर पुनःपुन्हा दिसत राहिली. मृतांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मागे पडला. न्यायासाठी पुरावा म्हणून जे आवश्यक असते, ते कायमस्वरूपी प्रदर्शनासाठी आवश्यक असतेच असे नाही.

कायदा आणि पत्रकारितेचे संकेत

सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्यास सर्वसाधारण बंदी नसली, तरी काही मर्यादा स्पष्ट आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये गुन्हा आहे. पूर्वी ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होती. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत पीडितेच्या बाबतीतही हे संरक्षण लागू असल्याचे स्पष्ट केले. रडणाऱ्या आईचे किंवा घराचे छायाचित्र छापून पीडितेची ओळख पटत असेल, तर तेही या मर्यादेत येते, हे अनेक कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही.

भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंकेतांत वैयक्तिक शोकाच्या क्षणी छायाचित्रणाद्वारे अतिक्रमण टाळावे, असे सांगितले आहे. मात्र अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीतील पीडितांची छायाचित्रे व्यापक लोकहिताची असू शकतात, अशी पुस्तीही जोडली आहे. किल्लारीचे छायाचित्र आणि एखाद्या घरातील अंत्यविधीचे छायाचित्र यांना एकच माप लावता येत नाही, हा या पुस्तीचा आशय होय.

अत्याचाराच्या प्रकरणांत पुराव्याची छायाचित्रे आणि शोकाची छायाचित्रे यांची गल्लत करू नये. जखमा, जळालेले घर, मोडलेले फलक, घटनास्थळ यांची छायाचित्रे तातडीने आणि नीट घेतली पाहिजेत. मूळ फाइल जपून ठेवावी, तिच्यात फेरफार करू नये, तारीख व वेळ नोंदवावी. न्यायालयात ती सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आहे. पुराव्याची छायाचित्रे वकील आणि तपास अधिकारी यांच्यापर्यंत पोहोचली म्हणजे त्यांचे काम झाले. ती समाजमाध्यमांवर टाकल्याने खटला बळकट होत नाही.

नांदेड : दोन घटना

१ जून २०२३ रोजी नांदेडजवळील बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. गावात डॉ. आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून ती झाल्याचा आरोप आहे. अशा घटनेनंतर पत्रकार, पुढारी, कार्यकर्ते यांची रीघ लागते आणि प्रत्येकाबरोबर कॅमेरा येतो. त्याच घरात, त्याच भिंतीपाशी, मुलाची तसबीर हातात देऊन आईला बसविले जाते. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांची जी छायाचित्रे मराठवाड्यातून वर्षानुवर्षे प्रसिद्ध झाली, त्यांतही हीच मांडणी आढळते. हार घातलेली तसबीर, ती धरलेले हात, कॅमेऱ्याकडे पाहणारे डोळे. हा शोकाचा एकांत राहत नाही. शोकाची बैठक होते. आलेल्या प्रत्येकासाठी ती पुन्हा मांडावी लागते आणि दर खेपेस त्या स्त्रीला तोच क्षण नव्याने भोगावा लागतो.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण मृत्यू पावले. त्यांत नवजात अर्भके आणि बालके निम्म्याच्या आसपास होती. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. किल्लारीच्या भूकंपाला नेमकी तीस वर्षे होत होती, त्याच दिवसांत हे घडले. अशा वेळी रुग्णालयाच्या आवारात बसलेल्या नातेवाइकांची छायाचित्रे आवश्यक होती काय? होती, असे म्हणावे लागेल. आकडा वाचून विसरला जातो. कापडात गुंडाळलेले मूल घेऊन वाहनाची वाट पाहणारा बाप विसरता येत नाही. परंतु त्या बापाचा चेहरा ओळखू यावा, ही त्या छायाचित्राची गरज नव्हती. पाठमोरी आकृती, हात, रिकामी झोळी, व्हरांड्यातील पहाटेचा प्रकाश एवढ्याने तीच गोष्ट सांगता आली असती आणि त्याचा चेहरा त्याच्यापाशी राहिला असता.

व्यवहारातील काही पथ्ये

उपरोक्त विवेचनावरून छायाचित्रण करू इच्छिणाऱ्या तरुणांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट अंतराची. लांबच्या लेन्सने दुरून चित्र घेणे सोपे असते आणि समोरच्याला कळतही नाही. परंतु अशा चित्रात छायाचित्रकार स्वतः सुरक्षित आणि समोरचा असुरक्षित राहतो. साध्या लेन्सने काम करावयाचे तर जवळ जावे लागते, दिसावे लागते, आणि समोरच्याला मान हलवून नकार देण्याची संधी मिळते. ही संधी मिळालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. शोकमग्न माणसाला त्याच क्षणी परवानगी विचारणे म्हणजे त्याचा एकांत मोडणे होय, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा की, ओळख पटणार नाही असे चित्र घ्यावे किंवा चित्र घेतल्यावर थांबावे, माणूस सावरल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसावे, चित्र दाखवावे आणि तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर ते पुसून टाकावे. ज्याला थांबण्यास वेळ नाही, त्याला ते चित्र घेण्याचा अधिकारही नाही.

तिसरी गोष्ट साधनांची. फ्लॅश कदापि वापरू नये. मोबाइलच्या शटरचा आवाज बंद ठेवावा. मोबाइलच्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद राहू शकते. अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या बाबतीत ती धोक्याची ठरू शकते. म्हणून प्रसारणापूर्वी ती काढून टाकावी.

चौथी गोष्ट मांडणीची. कोणालाही तसबीर हातात देऊन बसवू नये, पदर नीट करण्यास अथवा पुन्हा रडण्यास सांगू नये. चित्राखाली केवळ ‘शोकाकुल माता’ असे लिहू नये. कुटुंबाची संमती असेल तर तिचे नाव, ती काय काम करते, तिची मागणी काय आहे हे लिहावे. संमती नसेल तर नाव व ठिकाण दोन्ही वगळावे.

पाचवी गोष्ट स्वतःला विचारण्याची. या माणसाच्या जागी आपली आई किंवा आपले वडील असते, तर हे चित्र विहाराच्या फलकावर लावलेले आपल्याला चालले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर कॅमेरा खाली घ्यावा आणि त्या माणसाला पाणी आणून द्यावे.

एकांताचे चित्र का हवे?

एवढी पथ्ये सांगितल्यावर कोणी विचारील की, मग अशी छायाचित्रे घेऊच नयेत हे अधिक बरे नाही काय? तसे वाटत नाही. प्रसारमाध्यमांतून आपला समाज मुख्यतः दोनच रूपांत दिसत आला आहे : मोर्चातील गर्दी आणि अत्याचारातील मृतदेह. ६ डिसेंबरला नांदेड, परभणी, लातूर येथून रेल्वेने निघून चैत्यभूमीवर पोहोचणारी हजारो माणसे उंचावरून घेतलेल्या एका चित्रात ठिपक्यांसारखी दिसतात. त्या रांगेत रात्रभर उभी राहून शेवटी अभिवादनाच्या क्षणी डोळे मिटणारी एखादी वृद्धा स्वतःच्या मनाशी काय बोलत असेल, हे त्या चित्रात येत नाही. माणसाला मन असते, ते एकटे असू शकते आणि त्या एकटेपणात ते विचार करते, ही मान्यता हीच समतेची पायरी आहे. ज्यांना शतकानुशतके केवळ शरीरे म्हणून वागविले गेले, त्यांच्या बाबतीत ती मान्यता अधिक अगत्याची आहे.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे दीर्घकाळ चित्रण केले. कामगारांच्या वस्तीत आणि कामाच्या जागी पुनःपुन्हा जाऊन, त्यांना ओळखून घेऊन केलेले हे काम आहे. घाणीत उतरलेल्या माणसाचा थकवा आणि त्याचा आत्मसन्मान दोन्ही त्यात दिसतात. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामापासून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे संबंधाचे सातत्य. ज्या घरी आपण वर्षभर जात-येत असतो, त्या घरातील शोक टिपताना परकेपणा राहत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या वाट्याला आलेले वैयक्तिक शोक आपणांस माहीत आहेत. १९२६ मध्ये पुत्र राजरत्न आणि २७ मे १९३५ रोजी माता रमाई त्यांना सोडून गेल्या. रमाईंच्या निधनानंतर त्यांनी स्वतःला कोंडून घेतले, तो एकांत आपण चरित्रग्रंथांतील मोजक्या शब्दांतून जाणतो, आणि तेवढे पुरते. ७ डिसेंबर १९५६ ची अंत्ययात्रा मात्र लक्षावधींची होती. नामदेवराव व्हटकर यांनी तिचे चित्रीकरण केले म्हणून पुढील पिढ्यांना ती पाहता आली. समाजाचा शोक नोंदविला जावा आणि व्यक्तीचा एकांत राखला जावा, असा विवेक या दोन घटना शेजारी ठेवल्या असता स्पष्ट होतो.

लातूर आणि नांदेडच्या विहारांतील तरुण मंडळे आज प्रत्येक अंत्ययात्रेचे, जलदान विधीचे, पुण्यानुमोदनाचे चित्रण करतात. त्यांनी हे काम जाणीवपूर्वक करावे. चित्रे प्रथम कुटुंबाला द्यावीत, कुटुंबाने निवडलेली तेवढीच विहाराच्या संग्रहात ठेवावीत, त्यांमागे दिनांक व गाव लिहावे आणि उरलेली पुसून टाकावीत. असा संग्रह पंचवीस-तीस वर्षांनी या भागाचा इतिहास ठरेल. किल्लारीच्या पिढीतील माणसे आता वृद्ध होत आहेत. त्यांच्यापाशी बसून, त्यांनी जपून ठेवलेली छायाचित्रे पाहून, त्यांची संमती घेऊन त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम तर आजच हाती घेण्याजोगे आहे.